मदत हवी आहे: कानाचं मशीन आणि सासूबाईंशी फोनवरच्या गप्पा

सासूबाई (वय ७४) दुसऱ्या गावी असतात. आमचा रोज रात्रीचा फोन ठरलेला. नवऱ्याला दोन मिनिटं, मला पाऊण तास! तीन महिन्यांपूर्वी दोन्ही कानांना मशीन बसवलं, कानामागे लावायचं. समोरासमोर छान ऐकू येतं. पण फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं, आणि स, श, फ असलेले शब्द तर हमखास निसटतात. हल्ली त्या नुसतं "हं हं" करतात. मला कळतं ना, आईंना ऐकू आलेलं नाही ते.

काय करून पाहिलं: फोन कानावर न ठेवता थोडा वर, मशीनच्या माइकपाशी धरला. शिट्टी थांबते, पण हात अवघडतो. स्पीकरवर बोलायला त्या तयार नाहीत, कारण आमच्या निम्म्या गप्पा घरातल्यांबद्दलच असतात. व्हिडिओ कॉलवर ओठ दिसतात म्हणून बरं पडतं, पण तो दुसऱ्या कुणीतरी लावून द्यावा लागतो.

मशीनमध्ये ब्लूटूथ नाही, टेलिकॉइल आहे (म्हणजे फोनचा आवाज माइकऐवजी चुंबकीय लहरींतून थेट मशीनमध्ये घेणारं तारेचं छोटं वेटोळं). ते अजून चालू करून घेतलेलं नाही. मशीन आत्ता बदलणार नाही. त्यांचा फोन साधा, बटणांचा. टचस्क्रीन नको म्हणतात. फोन मात्र बदलता येईल.

टेलिकॉइलवर बटणांचा मोबाइल किंवा लँडलाइन कुणाच्या घरी नीट चालते का? की गळ्यात घालायची लूप (फोनचा आवाज टेलिकॉइलपर्यंत पोचवणारी तार) घ्यावी, आणि ती बटणांच्या फोनला जोडता येते का?