धूप झालेल्या शेतजमिनीच्या पुनरुज्जीवनासाठी अनुदान कोठे शोधावे?

प्रश्न : उतारावरचे रान

आमची आणि शेजारच्या काही कुटुंबांची मिळून उताराची सलग शेतजमीन आहे. वरच्या अंगाची सुपीक माती बरीचशी वाहून गेली आहे, खालच्या अंगाला पाणी साचून काही भाग क्षारपड झाला आहे, आणि मधून जाणाऱ्या ओढ्याचे काठ दर पावसाळ्यात ढासळतात. समतल चर, ओढ्याकाठी गवत आणि झाडांची पट्टी, उघड्या मातीवर आच्छादन आणि द्विदल पिकांची फेरपालट असा आराखडा आम्ही आखला आहे. खर्चाचा मोठा भाग सुरुवातीलाच येणार आणि उत्पन्नातला फरक मात्र काही वर्षांनी दिसणार, म्हणून कर्जाऐवजी अनुदानाचा विचार करीत आहोत. ‘शाश्वत शेती’ आणि ‘भूमी पुनर्स्थापना’ या शब्दांनी शोध घेतला की मोठमोठ्या जागतिक निधींची नावे समोर येतात. परंतु त्यांपैकी कोणाकडे आमच्यासारख्यांनी प्रत्यक्ष अर्ज करावा, हे उमगत नाही. अर्ज एकेका शेतकऱ्याने करावा की गटाने? आणि अर्जाआधी कोणती तयारी हाताशी असावी?

उत्तर : पाणलोट

शोधात वर येणारे बहुतेक निधी शेतकऱ्यांसाठी नव्हे, तर सरकारे आणि मोठ्या संस्था यांच्यासाठी उभारलेले आहेत. हरित हवामान निधीकडे केवळ मान्यताप्राप्त संस्थाच प्रस्ताव नेऊ शकतात, आणि त्याच्या वर्गवारीत ‘सूक्ष्म’ म्हणवला जाणारा प्रकल्पदेखील १ कोटी अमेरिकी डॉलरपर्यंतचा असू शकतो. त्या मापात तुमचा ओढा कोठे बसेल ते तुम्हीच ठरवा. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराच्या पुढाकाराने सुरू झालेला भूमी-ऱ्हास तटस्थता निधी नावावरून अनुदानाचा वाटतो, पण तो गुंतवणूक निधी आहे आणि त्याला पैशाचा परतावा हवा असतो. २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनर्स्थापनेचे दशक म्हणून जाहीर झाल्याने विषयाला वजन आले खरे, परंतु दशक जाहीर झाल्याने अर्ज स्वीकारणारी खिडकी आपोआप उघडत नाही.

तुमच्या आवाक्यातला कार्यक्रम पाहायचा तर जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम पाहावा. तो १९९२ पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत चालतो, भूमी-ऱ्हास हा त्याच्या मुख्य विषयांपैकी एक आहे, आणि एका प्रकल्पाला ५०,००० डॉलर ही त्याची कमाल मर्यादा दीर्घकाळ राहिली. हा पैसा व्यक्तीला मिळत नाही. तो स्थानिक लोकसंस्थेला किंवा स्वयंसेवी संस्थेला मिळतो. निवड त्या त्या देशातील सुकाणू समिती करते, म्हणून संपूर्ण प्रस्ताव लिहिण्याआधी देशातील समन्वयकाला दोन पानांचे संकल्पना-टिपण पाठवून विषय त्यांच्या प्राधान्यक्रमात बसतो का, हे विचारून घ्यावे.

मात्र माझे खरे सांगणे वेगळेच आहे. अनुदान ‘शेती’ या नावाखाली शोधू नका. तुमच्या जमिनीच्या दुरवस्थेचा भुर्दंड खालच्या अंगाला कोण सोसतो, ते आधी शोधा. तुमच्या उतारावरून सुटलेली माती कोणाच्या तरी जलाशयात गाळ होऊन बसते, आणि पाण्याचे शुद्धीकरण कोणाला तरी महाग पडते. न्यूयॉर्क शहर १९९० च्या दशकापासून कॅट्सकिल परिसरातील पाणलोटात शेतकऱ्यांच्या सुधारणांसाठी पैसे देत आले आहे, कारण तेथून येणाऱ्या पाण्यासाठी अवाढव्य गाळणी प्रकल्प बांधण्यापेक्षा पाणी मुळातच स्वच्छ राखणे शहराला स्वस्त पडते. इक्वेडोरमधील कितो शहराचा जलनिधीही २०००मध्ये याच विचाराने उभा राहिला. तेव्हा पाणीपुरवठा संस्था, धरण व्यवस्थापन, पूरनियंत्रण विभाग, वन्यजीव संवर्धनाचे न्यास अशी दारे ठोठावून पाहा. तेथे शेतकऱ्यांची रांग सहसा नसते.

उत्तर : मृद्गंध

वरील उत्तराशी सहमत आहे. तयारीविषयी थोडे सांगतो. परीक्षकाला तुमच्या इच्छेत रस नसतो, आज जमीन कशी आहे आणि तीन वर्षांनी त्यात काय बदललेले दिसेल यात असतो. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती मोजून ठेवणे हे अर्ज लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण ती संधी एकदा गेली की परत येत नाही.

भूमी-ऱ्हासाच्या आंतरराष्ट्रीय मोजमापात तीन निर्देशक धरले जातात : भूआच्छादन, जमिनीची उत्पादकता आणि कर्बसाठा (जमिनीत साठलेला कर्ब, म्हणजे कार्बन). शाश्वत विकास उद्दिष्टांतील १५.३.१ हा निर्देशक याच तिघांवर उभा आहे. तुमचा आराखडा याच भाषेत मांडला तर तो वाचणाऱ्याला तत्काळ कळतो. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, सामू (आम्ल-विम्लता) आणि विद्युत वाहकता (यावरून क्षारांचे प्रमाण कळते) घ्यावी. क्षारपड भागासाठी विनिमययोग्य सोडियमही (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) तपासावे, कारण क्षार आणि सोडियम या दोन वेगळ्या व्याधी आहेत. नुसते क्षार असतील तर निचरा करून ते धुऊन काढता येतात. सोडियम वरचढ असेल तर जिप्समसारखे सुधारक लागते. हा फरक न पाहता निचऱ्याचे चर एवढेच लिहून पाठवलेला प्रस्ताव जाणकार परीक्षक बाजूला ठेवेल, आणि योग्यच करेल.

कर्बाचा साठा सांगायचा असेल तर केवळ टक्केवारी पुरत नाही. मातीची घनता आणि नमुन्याची खोली हवी. ० ते ३० सेंटीमीटर हा थर सर्वसाधारणपणे धरतात. कर्ब मात्र हळू वाढतो. दोन वर्षांच्या प्रकल्पात मोठ्या वाढीचे आश्वासन देऊ नका. त्याऐवजी आच्छादित क्षेत्र, पावसाच्या पाण्याबरोबर जाणारा गाळ, ओढ्याच्या काठाची झीज आणि जगलेल्या रोपांची टक्केवारी अशी लवकर दिसणारी मापे ठेवा. ठरावीक जागी खुंटी रोवून, त्याच दिशेने, वर्षाच्या त्याच काळात काढलेली छायाचित्रे हा सर्वांत स्वस्त आणि कधीकधी सर्वांत पटणारा पुरावा असतो.

उत्तर : हिशेबवही

अनुदान म्हणजे आधी पैसा आणि मग काम, असे बहुतेकांना वाटते; अनेक योजनांत क्रम उलटा असतो. काम आधी स्वतःच्या खर्चाने करायचे, पाहणी व्हायची, आणि मग प्रतिपूर्ती मिळायची. त्यामुळे अनुदान मंजूर होऊनही हातात रोकड नसल्याने काम अडते. तुमच्या अंदाजपत्रकात पहिला हप्ता कधी मिळणार आणि तोपर्यंतचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवा.

दुसरी गोष्ट स्वतःच्या वाट्याची. युरोपीय संघाचा १९९२ पासूनचा ‘लाइफ’ कार्यक्रम साधारणपणे पात्र खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंतच रक्कम देतो. उरलेली अर्जदाराने आणायची असते. अमेरिकेतील पर्यावरण गुणवत्ता प्रोत्साहन कार्यक्रम वैयक्तिक शेतकऱ्याला खर्चात वाटा देतो, पण करार होण्यापूर्वी सुरू केलेल्या कामाला पैसे देत नाही. हा नियम थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी भेटतो, म्हणून मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत चर खणायला घेऊ नका. लोकवाटा रोखीनेच द्यावा लागतो असे नाही. श्रम, यंत्रांचा वापर, शेतातच तयार केलेली रोपे यांचे मूल्य कित्येक योजना धरतात, मात्र त्यासाठी दिवसागणिक नोंदवही आणि सही हवी.

देखभालीचा खर्च बहुतेक अर्जांत गायब असतो. झाडे लावण्याला निधी मिळतो, ती जगवण्याला मिळत नाही. आणि पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतले पाणी, कुंपण, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लागवड यांचा हिशेब रोपांच्या किमतीपेक्षा सहज मोठा होतो. तो उघडपणे मांडा. न मांडलेल्या खर्चामुळे प्रस्ताव स्वस्त दिसतो, विश्वासार्ह दिसत नाही.

पुन्हा प्रश्न : उतारावरचे रान

आमच्या गटाची नोंदणी झालेली नाही, आणि दोन कुटुंबे खंडाने शेती करतात. अशा स्थितीत काय करावे?

उत्तर : पाणलोट

नोंदणीकृत संस्थेच्या नावाने अर्ज करणे आणि कामाची जबाबदारी गटाने लेखी स्वीकारणे हा मार्ग अनेक निधींना मान्य असतो. पैसा त्या संस्थेच्या खात्यात येईल, म्हणून तिचा प्रशासकीय खर्च किती आणि खरेदीचा निर्णय कोणाचा, हे आधीच कागदावर ठरवा. खंडाच्या जमिनीसाठी मालकाचे संमतीपत्र लागेल, आणि त्याची मुदत प्रकल्पाहून लांब असली पाहिजे. सुधारलेल्या जमिनीचा खंड लगेच वाढवला जाणार नाही, अशी अट त्यात घालता आली तर अवश्य घाला. नाहीतर कष्ट खंडकऱ्याचे आणि फायदा मालकाचा, असे होते.

उत्तर : रानवाट

एक वेगळा मुद्दा मांडतो. आराखड्यातील काही कामांना अनुदान लागतच नाही, आणि ती प्रस्तावात घालून रक्कम फुगवण्यात अर्थ नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजरमध्ये १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे निवडून राखले, छाटले, वाढवले. रोपवाटिका नाही, लागवड नाही. त्यातून सुमारे ५० लाख हेक्टरांवर वृक्षाच्छादन परतले. तुमच्या उतारावर जिवंत खोडे असतील तर चराईचे नियम गटात ठरवून हे काम लगेच सुरू करता येईल. फक्त ते अर्जातील कामांपासून वेगळ्या पट्ट्यात ठेवा, म्हणजे करारापूर्वी सुरू केलेल्या कामाची अडचण उभी राहणार नाही. अनुदान मागायचे ते ज्यांना यंत्रे, सामान आणि मोजणी लागते अशा कामांसाठी : ओढ्याचे काठ, निचरा आणि चर.