केक मिक्सच्या रंगीत कुकीज : कोल्हापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

पाचवी गल्ली

डिसेंबर लागला की राजारामपुरीत केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत रंगाच्या बाटल्या आणि साखरेच्या मण्यांभोवती पोरंबाळं घेऊन गर्दी होते. त्यातले बरेच जण हल्ली केक मिक्स, म्हणजे केकचं तयार कोरडं पीठ, नेतात ते केकसाठी नव्हे, कुकीजसाठी. मिक्स, तेल किंवा लोणी, अंडं नाहीतर दूध, पाहिजे तो रंग, झालं. लोणी-साखर फेसत बसायला नको. पोरांना गोळे वळायला बसवता येतं आणि तासाभरात त्यांच्या हातात काहीतरी पडतं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पण पाककृती सगळ्या अमेरिकेतल्या. तिथला डबा वेगळा, लोणी वेगळं, आणि तिथं मार्गशीर्षातले गुरुवार पाळायचे नसतात. म्हणून हा धागा. नुसती पाककृती डकवू नका, ती कुठंही मिळते. तुमच्या ओव्हनमध्ये, कुकरात, बेकरीच्या भट्टीत काय झालं ते लिहा.

सुरुवात मी करतो. इथं मिळणारं बिनअंड्याचं व्हॅनिला मिक्स २५० ग्रॅम, मऊ लोणी ७० ग्रॅम, दोन मोठे चमचे मैदा आणि गोळा होईल इतपतच दूध. गोळ्याचे चार भाग करून चार रंग. रंग जेलचाच घ्या, पाण्यासारखा पातळ रंग गडद होईपर्यंत घातला तर पीठ सैल पडतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग १७० अंशांवर दहा-बारा मिनिटं. मधे मऊ दिसल्या तरी कडा धरल्या की बाहेर काढायच्या, थंड झाल्यावर आवळतात. जास्त ठेवल्या की गुलाबीचा विटकरी होतो आणि निळ्याला राखाडी झाक येते. रंगीत कुकीजमध्ये चव बिघडायच्या आधी रंग बिघडतो, त्यामुळं घड्याळापेक्षा काचेतून बघत राहिलेलं बरं.

टेक्सासची लेक

माहेर शाहूपुरी. सुट्टीला येताना बॅगेत रेड व्हेल्वेट आणि स्ट्रॉबेरीचे डबे असतातच, भाचरं आधीपासून फोन करून सांगतात.

डब्याबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. जुन्या पाककृती ५१७ ग्रॅमच्या डब्यावर बेतलेल्या आहेत. पुढं डबा ४३२ ग्रॅमवर आला आणि आता काही कंपन्यांचा ३७५ ग्रॅमचाही दिसतो. पाककृती मात्र तीच फिरतेय : दोन अंडी, अर्धा कप तेल. छोट्या डब्याला एवढं तेल घातलं की कुकी ट्रेभर पसरते आणि कागद तेलकट होतो. तेल तिथल्या कपाचा तिसरा हिस्सा ठेवा, म्हणजे ८० मिलिलिटर. तिथला कप २४० मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी म्हणजे कप नव्हे. आमच्या वहिनीकडच्या वाट्या तर एकीसारखी एक नाही, त्यामुळं आता औषधाच्या मापानं मोजतो.

दुसरं, तेल सूर्यफुलाचं घ्या. आईकडं घाण्याचं शेंगतेल असतं. चटणीवर त्याला तोड नाही, पण स्ट्रॉबेरी कुकीला शेंगदाण्याचा वास म्हणजे काहीच्या काही.

रेड व्हेल्वेटचे गोळे पिठीसाखरेत घोळवून भाजले की वर तडे जातात आणि पांढऱ्यातून लाल दिसतं. ते खरं देखणं. पण घरी मिक्सरवर केलेली पिठीसाखर भाजताना विरघळून जाते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं म्हणून ती टिकते. घरच्या वाटीभर साखरेला चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा, आणि गोळा आधी साध्या दाणेदार साखरेत घोळवून मग पिठीसाखरेत. पांढरा थर जाड राहतो.

भाच्यानं या कुकीजचं नाव ठेवलंय तांबडा-पांढरा.

रंकाळ्याचा वारा

तांबडा-पांढरा, तोही बिनरश्श्याचा? मटण कुठाय?

भट्टीवाला

मंगळवार पेठेत वडिलांपासून बेकरी आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या तोंडावर लोक रवा, मैदा, साखर, डालडा घेऊन यायचे आणि नानकटाई, बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यात भरून न्यायचे. अजून येतात, कमी झालेत. आता त्यांचीच नातवंडं येतात, डब्यात हिरवा-गुलाबी गोळा घेऊन, “काका, भाजून द्या की.” देतो. का नाही देणार? पीठ घरचं आणि भट्टी बेकरीची, हे कोल्हापूरला नवं नाही. आज्जीनं पीठ मळलं, नातीनं पाकीट फोडलं, एवढाच फरक.

पण दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्या. लाकडाची भट्टी पावाच्या वेळी कडक तापलेली असते. पाव निघाल्यावर उष्णता उतरत जाते, त्या उतरत्या धगीवर आम्ही नानकटाई घालतो. तुमची रंगीत बिस्किटं त्याच्याही नंतर. सकाळी आठला येऊन “लगेच द्या” म्हटलं तर वरून जळणार आणि आतून कच्ची. दुपारी या.

एकाच ट्रेत सगळे गोळे एका मापाचे पाहिजेत. पोरं एक लिंबाएवढा करतात आणि एक बोराएवढा. बोराएवढा करपला की रडतात, आणि मग मला आमच्या काउंटरवरचं क्रीम रोल द्यावं लागतं.

आणि आता खरं सांगतो. केक मिक्समध्ये फुगवायचं सामान केकच्या हिशोबानं घातलेलं असतं आणि साखरही भरपूर असते. त्यामुळं बिस्कीट मऊ, केकसारखंच होणार. नानकटाईसारखं तोंडात विरघळणार नाही, खारीसारखं कुरकुरणार नाही. “काका, कडक का झालं नाही?” असं विचारू नका. कडक पाहिजे असेल तर नानकटाई करा की, ती काय वाईट आहे?

बावड्याची सून

कसबा बावड्यात आमच्याकडं मार्गशीर्षात महिनाभर अंडं घरात येत नाही, आणि नाताळ बहुतेक वर्षी त्यातच येतो. सासूबाई कडक आहेत, पण खायला त्याच पहिल्या. अमेरिकेतला डबा असेल तर एका अंड्याला पाव कप दही घालते. दही टांगून पाणी काढलेलं, नाहीतर थापटी होते. इथल्या बिनअंड्याच्या मिक्सला दहीसुद्धा लागत नाही.

मला लोण्याबद्दल लिहायचंय, कारण त्यावर कुठंच वाचायला मिळालं नाही. आमच्या गोठ्यात म्हशी. म्हशीच्या दुधात गाईसारखं पिवळं कॅरोटीन नसतं, म्हणून लोणी पांढरंफेक निघतं. बाजारातलं पिवळं लोणी घालून निळा रंग केला की कुकी हिरवट होते, जांभळ्याचा मातकट होतो. घरच्या पांढऱ्या लोण्यात निळा निळाच राहतो. जाऊबाईंनी विकतच्या लोण्यात आणि मी घरच्या लोण्यात एकाच बाटलीतला रंग घालून शेजारी शेजारी ठेवलं होतं. सासूबाईंनी काही न बोलता माझ्या ताटलीतली उचलली, मग जाऊबाई दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन लोणी न्यायला आल्या.

घरच्या लोण्यात ताक अडकून राहतं, ते मात्र काढावं लागतं. गार पाण्यात दोन-तीनदा धुवायचं, हातानं दाबून पाणी काढायचं, मग तोलायचं. दूध शेवटी थेंबाथेंबानं. कधी कधी लागतच नाही.

गुऱ्हाळकर

माझं गाव करवीर तालुक्यात, घरचं गुऱ्हाळ आहे. केक मिक्सला शहरातलं फॅड म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती. मिक्सचं मूळ उसाशीच जोडलेलं आहे. अमेरिकेत पिट्सबर्गची डफ ही मोलॅसिसची कंपनी होती. मोलॅसिस म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, आपल्याकडं कारखान्यात मळी म्हणतात ती. मंदीच्या काळात माल पडून राहिला, तेव्हा त्यांनी मोलॅसिस पिठात मिसळून वाळवलं आणि पाणी घातलं की जिंजरब्रेड, म्हणजे आल्याचा केक, तयार, असं मिश्रण काढलं. १९३३ चं पेटंट आहे त्यांचं. म्हणजे पडून राहिलेल्या उसाच्या पाकाचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा डबा आला. हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे.

म्हणून आमच्या घरात रंगीत कुकीजच्या ट्रेत एक ओळ तपकिरी असते. व्हॅनिला मिक्समध्ये दुधाऐवजी काकवी, सुंठ, जायफळ, थोडी दालचिनी. काकवी मोलॅसिसइतकी कडवट नसते, त्यामुळं सुंठ जरा सढळ हातानं घालायची. मिक्समध्ये साखर आधीच आहे, तेव्हा काकवी दोन चमच्यांवर नको, चिकट होते आणि तळ लवकर काळा पडतो. वरून पांढऱ्या आयसिंगच्या रेघा ओढल्या की पोरांना ती माणसं वाटतात. आमच्या आबांना रंगाच्या कुकीज दिल्या तर ते बाजूला सारतात, ही मात्र चहात बुडवून खातात.

शंकासूर

@गुऱ्हाळकर, मी असं ऐकलंय की पूर्वी मिक्समध्ये अंड्याची पावडरही असायची. बायकांना काहीच न केल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून १९५० च्या दशकात मानसशास्त्राचा सल्ला घेऊन अंडं बाहेर काढलं, “तुम्ही घाला” म्हणून.

गुऱ्हाळकर

गोष्ट छान आहे आणि मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट डिख्टर यांच्या नावावर सांगितली जाते. पण डफ कंपनीच्या १९३५ च्या पेटंटातच ताजं अंडं घरी घालायची सोय होती. आणि वाळवलेल्या अंड्यापेक्षा ताज्या अंड्यानं केक चांगला होतो, त्याला मानसशास्त्र कशाला पाहिजे.

नागाळा पार्क

आम्ही ख्रिस्ती कुटुंब, नाताळ आमच्या घरचाच. अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये आमच्या आज्जीच्या आज्जीपासून जाणं आहे. पण नाताळ म्हणजे कुकीज हे आमच्याकडं अगदी अलीकडचं. लहानपणी नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळी, रव्याचे लाडू. केक बेकरीतून यायचा. शेजारी दिवाळीत जे ताट देतात तेच आम्ही डिसेंबरात परत पाठवायचो, वर केकचे दोन तुकडे.

आता करंज्या करायला घरात बायका जमत नाहीत. भावजय नोकरीला, मी नोकरीला. २३ तारखेला रात्री ताई मिक्सची पाकिटं घेऊन येते आणि पोरं चांदण्या, झाडं कापतात. साच्यानं कापायच्या असतील तर वरच्या मापात मैदा आणखी तीन-चार चमचे वाढवा, मिक्समधला बेकिंग पावडरचा जोर कमी पडतो आणि चांदणीचे कोपरे राहतात. नाहीतर सगळ्या चांदण्यांचे लाडू होतात. आई मात्र दरवर्षी ताटात चार करंज्या ठेवतेच. नुसत्या रंगीत कुकीज पाठवल्या तर शेजारच्या काकू “यंदा फराळ नाही का?” असं विचारतात, ते तिला चालत नाही.

हळदीकुंकू

बाटलीतला रंग नको म्हणणाऱ्यांसाठी.

बीट : कच्च्या पिठात झकास, ओव्हनमध्ये तपकिरी. लिंबाचे थेंब किंवा दही घातलं तर थोडा गुलाबी राहतो. मिक्समध्ये सोडा असतो, तो बिटाचा शत्रू.

हळद : थोडी चालते. सोडा जास्त असेल तर पिवळ्याचा तांबूस होतो.

गोकर्णाची फुलं : कुंपणावर फुकट. साध्या दुधात उकळली तर निळी, लिंबू पिळलं तर जांभळी, सोड्यानं हिरवट. मिक्समध्ये घातल्यावर नेमका कुठला रंग येईल ते त्या पाकिटावर अवलंबून. लेकीला हेच आवडतं, ती त्याला प्रयोगशाळा म्हणते.

पालक : हिरवा येतो. वासही येतो.

आणि बाटलीतलाच घ्यायचा तर पुडीतला सुटा रंग घेऊ नका. खाण्यासाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग आपल्याकडं आठच आहेत आणि बिस्किटात त्यांची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. बाटलीवर परवाना क्रमांक बघा. गडद लाल पाहिजे म्हणून बाटली उपडी करणाऱ्या आमच्या नणंदबाईंना उद्देशून नाही हे.

कुकरवाली

ओव्हन नाही, कुकरात करते. रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला मीठ, वर जाळी, दहा मिनिटं मंद आचेवर तापवायचं. पाणी अजिबात नाही. एका वेळी पाच-सहाच बसतात. तळ लवकर लागतो म्हणून ताटलीखाली आणखी एक ताटली. वर रंग चढत नाही, आणि रंगीत कुकीला तेच पाहिजे! ओव्हनवाल्यांपेक्षा माझा गुलाबी जास्त गुलाबी.

पाचवी गल्ली

वा, हे लक्षातच आलं नव्हतं. आणि एक सूचना सगळ्यांसाठी : पोरांना कच्चं पीठ चाटू देऊ नका. बिनअंड्याचं असलं तरी मैदा कच्चाच असतो, आणि कच्च्या पिठातूनही जंतू पोटात जातात. चॉकलेटच्या रंगीत गोळ्या लावायच्या तर भाजून बाहेर काढल्याबरोबर, कुकी गरम असताना दाबा. आधी लावल्या तर तडकतात आणि रंग ओघळतो.

हॉस्टेलची आई

लेक पुण्याला आहे. एसटीनं पाठवल्या तर टिकतील का? आयसिंग लावून पाठवू की नको?

भट्टीवाला

आयसिंग नको, चिकटतं. आदल्या दिवशी भाजा, पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर उघड्यावर नको. पत्र्याच्या डब्यात थरामध्ये बटर पेपर. मऊ बिस्कीट आहे, चार-पाच दिवसांत संपवायला सांगा. आणि सोबत थोडी नानकटाई टाका, ती पंधरा दिवस जाते. डालडा-मैदा घेऊन या, दुपारी तीननंतर.