मदत हवी आहे: कॅलरी मोजताना व्यायामाची नोंद करावी की करू नये?

कोथरूडकर
नमस्कार. प्रश्न एकच आहे, तेव्हा उत्तरही कृपया त्याच प्रश्नाचे द्यावे. गेले काही महिने मी ॲपमध्ये रोजच्या खाण्याची नोंद करते आहे. सुरुवातीला वजन उतरले, पण आता महिनाभर काटा जागचा हललेला नाही. सकाळी वेताळ टेकडीवर जाते. मनगटावरचे घड्याळ त्याच्या साडेचारशे कॅलरी दाखवते आणि ॲप त्या आपोआप दिवसाच्या कोट्यात मिळवून ‘एवढे अजून खाऊ शकता’ असे सांगते. मैत्रीण म्हणते, व्यायाम मुळीच नोंदवू नकोस. ओळखीचे एक प्रशिक्षक म्हणतात, नोंदवलाच पाहिजे, नाहीतर शरीर उपासमार समजून चरबी धरून ठेवते. दोघांपैकी कोण बरोबर, एवढेच सांगावे. आहाराचा तक्ता नको आहे, तो माझ्याकडे आहे.

आकडेमोड
उंची, वजन, वय आणि कामाचे स्वरूप कळल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही. आणखी दोन गोष्टी सांगा. ॲपमध्ये खाते उघडताना ‘तुम्ही किती सक्रिय आहात’ या प्रश्नाला कोणता पर्याय निवडला होता? आणि त्या वाढीव साडेचारशे कॅलरी तुम्ही प्रत्यक्षात खाता का?

दोन_वेळचा_जेवणारा
ताई, मुळात कॅलरी मोजण्याचीच गरज नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात त्याप्रमाणे दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. मधल्या वेळेत काहीही खाल्ले की इन्सुलिन स्रवते आणि सगळे मुसळ केरात. मी हे करतो आणि मला कुठलेही ॲप लागत नाही.

मुलुंडची सुगरण
व्यायामाचे राहू द्या, आधी तेल कसे मोजता ते सांगा. बहुतेक जण ‘एक चमचा’ असे लिहितात आणि फोडणीला घेतात कढल्यातली पळी. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम, म्हणजे ४५ कॅलरी. पळीत त्याच्या तिप्पट-चौपट तेल सहज मावते. भाकरीचेही तसेच आहे. ॲपमधली ‘एक भाकरी’ आणि आपल्या तव्यावरची भाकरी यांचा काही संबंध नसतो, म्हणून पीठच वजन करून घ्यावे. शेंगदाण्याचे कूट तर कोणी धरतच नाही.

कोथरूडकर
उंची १६२ सेंमी, वजन ७४ किलो, वय ४१. नोकरी बँकेत, दिवसभर खुर्चीत. तेल काट्यावर वजन करून घेते, कूटही घेते, त्यामुळे सुगरणताईंनी कृपया निश्चिंत राहावे. दोन वेळच्या जेवणाविषयी मी विचारलेले नाही.

आकडेमोड
सक्रियतेचा पर्याय कोणता निवडला होता, ते राहिले. वाढीव कॅलरी खाता का, तेही राहिले. या दोन उत्तरांवाचून पुढे जाता येत नाही.

संशयात्मा
माझ्या मते व्यायामाचा वजन उतरण्याशी फारसा संबंधच नाही, म्हणून नोंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाडझा लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला होता. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ही मंडळी शिकारीसाठी आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालतात. तरीही शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा एकूण खर्च शहरात बसून काम करणाऱ्या लोकांच्या खर्चापेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. तुम्ही टेकडी चढता, शरीर दुसरीकडे काटकसर करते. हिशेब तिथेच मिटतो.

पोलादी
हे अर्धे सांगून सोडून देणे बरे नव्हे. शरीर काटकसर करते हे खरे, पण सगळीच्या सगळी भरपाई करत नाही. २०२१ साली मोठ्या संख्येने प्रौढांच्या ऊर्जाखर्चाच्या नोंदी एकत्र करून जो अभ्यास झाला, त्यात ही भरपाई सरासरी २८ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे व्यायामात खर्च झालेल्या शंभरातल्या बहात्तर तरी पदरात पडतात. हाडझांचे उदाहरण देऊन एखाद्या बाईला टेकडीवर जाणे बंद करायला लावणे हे गैर आहे. त्यापेक्षा कोथरूडकर यांनी आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलावीत. नुसत्या चालण्याने आणि कमी खाण्याने चरबीबरोबर स्नायूही जातात.

संशयात्मा
टेकडी बंद करा असे मी कुठेही म्हटलेले नाही. तिच्या बदल्यात खाऊ नका, एवढेच म्हटले आहे. आणि २८ टक्के ही सरासरी आहे. लठ्ठ व्यक्तींमध्ये भरपाई जास्त दिसते, हेही त्याच अभ्यासात आहे. ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत.

सातारी_कंदी
चांगला विषय आहे. या निमित्ताने विचारतो, पाच हजारांच्या आत कोणते घड्याळ घ्यावे? पोहताना चालणारे हवे.

कोथरूडकर
घड्याळासाठी वेगळा धागा काढावा. आकडेमोड, तुम्ही दोनदा विचारलेत म्हणून सांगते, पण याचा काय संबंध ते मला कळत नाही. पर्याय ‘मध्यम सक्रिय’ निवडला होता, कारण आठवड्यातले पाच दिवस मी टेकडी चढते. ॲपने १६५० चा कोटा दिला. वाढीव कॅलरी भूक लागली तर खाते, रोज नाही, पण बहुतेक वेळा खाते.

आकडेमोड
सगळा संबंध इथेच आहे. जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक ॲप मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चे सूत्र वापरतात. वजनाची दहापट, उंचीची सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा आणि स्त्रियांसाठी आणखी १६१ वजा. तुमच्या आकड्यांवर हे सुमारे १३८७ येते. दिवसभर पडून राहिलात तरी शरीराला एवढे लागतेच. याला सक्रियतेच्या गुणकाने गुणतात. बैठ्या कामाचा गुणक १.२ आणि ‘मध्यम सक्रिय’चा १.५५. तुम्ही दुसरा पर्याय निवडलात, म्हणून ॲपने तुमचा दिवसाचा खर्च २१५० धरला आणि आठवड्याला अर्धा किलो उतरावे म्हणून त्यातून ५०० वजा करून १६५० दिले.

आता १.५५ या गुणकात आठवड्यातील तीन ते पाच दिवसांचा व्यायाम आधीच धरलेला असतो. तुमची टेकडी त्यात आली. त्यावर घड्याळाने साडेचारशे पुन्हा मिळवले. एकाच प्रवासाचे बिल दोन खात्यांकडे लावण्यासारखे हे झाले. टेकडीच्या दिवशी कोटा २१०० होतो, म्हणजे ॲपने धरलेला तुमचा जवळजवळ संपूर्ण खर्च. उणीव उरतच नाही.

शिवाय १.५५ हाच तुमच्यासाठी जास्त आहे. बँकेत दिवसभर खुर्चीत आणि सकाळचा एक तास चालणे, याला मी मध्यम सक्रिय म्हणणार नाही. बैठ्या गुणकाने तुमचा खर्च १६६५ च्या आसपास येतो. टेकडीचा तास वेगळा मोजू. स्वस्थ बसून असताना शरीर दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्चते, त्याला एक मेट म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालणे साडेतीन मेटचे. तुमचा चढ-उतार धरून सरासरी पाच मेट मानले, तरी ७४ किलोला तासाचे ३७० होतात. त्यातले ७४ तुम्ही घरी बसून राहिला असतात तरी खर्च झालेच असते. व्यायामामुळे खरोखर वाढलेला खर्च तीनशेच्या आत. घड्याळे बहुधा ही वजाबाकी करून दाखवत नाहीत. पाच दिवसांचे तीनशे आठवड्यावर पसरले, तर दिवसाला दोनशेच्या थोडे वर. म्हणजे तुमचा खरा सरासरी खर्च १८७५ च्या आगेमागे. टेकडीच्या दिवशी २१०० आणि इतर दिवशी १६५० खाल्ले तर सरासरी १९७० पडते. काटा जागचा का हलत नाही, ते यावरून दिसेल.

तेव्हा मैत्रीण आणि प्रशिक्षक दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कोटा ठरवताना व्यायाम धरला असेल तर पुन्हा नोंदवू नये. कोटा बैठ्या गुणकाने काढला असेल तर नोंदवावा, पण घड्याळाच्या आकड्याच्या निम्माच धरावा. मी तुमच्या जागी असतो तर पहिली पद्धत घेतली असती: रोज सरसकट १४५० ते १५००, टेकडी असो वा नसो, आणि घड्याळाची ॲपशी असलेली जोडणी बंद.

पोलादी
निम्मा का? पाऊण का नाही? हा आकडा हवेतून आला.

आकडेमोड
बराचसा हवेतूनच आला, मान्य आहे. पण स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली मनगटावरची सात यंत्रे तपासली होती. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत त्यातले सर्वांत बरे यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. अशा आकड्याला निम्मे धरणे हा केवळ सावधपणा आहे. तीन-चार आठवडे रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढायची आणि तिच्यावरून कोटा वर-खाली करायचा. त्यापुढे गुणक, मेट आणि घड्याळ या सगळ्यांची किंमत अंदाजाएवढीच.

कोथरूडकर
मग ॲपने हे स्पष्टपणे लिहायला नको का? ‘मध्यम सक्रिय’ याचा अर्थ ‘यात व्यायाम धरला आहे’ असा होतो, हे सामान्य माणसाला कसे कळावे? असो, सेटिंग बदलून बैठ्या कामाचे केले. आता ॲप मला १२०० देते आहे. हे बरोबर आहे का?

मुलुंडची सुगरण
१२०० वर कृपया जाऊ नका. एवढ्यात प्रथिने, लोह, कॅल्शियम काहीच नीट बसवता येत नाही आणि चौथ्या दिवशी माणूस फरसाणाच्या डब्यावर तुटून पडतो.

आकडेमोड
१२०० हा ॲपचा तळ आहे. बहुतेक ॲप स्त्रियांना त्याखाली नेत नाहीत. आठवड्याला अर्धा किलो हे उद्दिष्ट काढून पाव किलो करा, कोटा चौदाशेच्या आसपास येईल. त्यात टेकडीच्या दिवशी शंभर-दीडशे मिळवलेत तर वर सांगितलेल्या हिशेबाशी जुळते.

कोथरूडकर
आणि उपासमारीचे काय? प्रशिक्षक ते फार ठामपणे सांगतात.

संशयात्मा
मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली छत्तीस तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले होते आणि वर त्यांना आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालवले जात असे. त्यांचे चयापचय मंदावले, ते चिडचिडे आणि उदास झाले, पण वजन सरासरी चतुर्थांशाने उतरलेच. कमी खाल्ल्याने चरबी साठून राहते असे घडत नाही. या एका मुद्द्यावर पोलादीही माझ्याशी सहमत होतील.

पोलादी
सहमत आहे. वजने उचलण्याबद्दल मात्र अजून कोणी काही बोलले नाही.

औंधचे_आजोबा
वय ४१ आहे, तर थायरॉइडची तपासणी झाली आहे का? काही औषधे चालू आहेत का? स्टिरॉइड किंवा नैराश्यावरची काही औषधे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या सगळ्या आकड्यांच्या मागे लागू नये.

कोथरूडकर
थायरॉइड तपासला, ठीक आहे. औषध कोणतेही नाही. शेवटचा प्रश्न: अधूनमधून रविवारी आम्ही राजगडावर जातो, पहाटे निघून संध्याकाळी परत. त्या दिवशीही काही नोंदवायचे नाही का?

आकडेमोड
त्या दिवशी नोंदवा आणि खा. चार तास खरोखर चढ-उतार झाला, तर बसून राहण्यापेक्षा हजाराहून अधिक कॅलरी जास्त जातात. तेवढी उणीव एका दिवसात ठेवली तर उतरताना पाय लटपटतील आणि सोमवारी दिवसभर भूक भागणार नाही. घड्याळ त्या दिवशी दोन-अडीच हजार दाखवेल. माथ्यावर जेवायला बसलात तेव्हाही ते मोजत असते, म्हणून प्रत्यक्ष चालण्याचे तासच धरा. पाच-सहाशे कॅलरी चालण्याच्या आधी आणि मध्येच खाव्यात, गुळपोळी, केळी, दशम्या काहीही चालेल. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेलेला दिसला तर ते दुखऱ्या स्नायूंमध्ये साठलेले पाणी असण्याचीच शक्यता जास्त. ते वजन सरासरीत धरा, पण त्यावरून कोटा बदलू नका.