मेकॅनिक व्हायचंय, मुंबईत सुरुवात कुठून करू?

भांडुपची_भिंगरी
नमस्कार मंडळी. वय २६, बी.कॉम., ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. घरची स्कूटर मीच उघडते. प्लग, ब्रेक शू, एअर फिल्टर, परवा बेल्टही बदलला. आता हेच काम करायचंय, पण चारचाकीचं. आईला एकच काळजी, स्थळाच्या पत्रिकेसोबत काय लिहून द्यायचं. ते मी बघून घेते. तुम्ही एवढं सांगा: या वयात आयटीआय होते का, की थेट गॅरेजात शिरू? मुलीला घेतात का? टोमणे नकोत.

मुलुंडचा_मास्तर
वयाचं सोडा. आयटीआयला किमान वय १४ आहे, वरची मर्यादा नाही. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड २ वर्षांचा, डिझेल मेकॅनिक १ वर्षाचा. ३० टक्के जागा मुलींना राखीव असतात. प्रवेश राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो आणि दहावीचे मार्क बघतात, तुमच्या बी.कॉम.ला तिथे कोणी हिंग लावून विचारणार नाही. पर्याय भरताना घराजवळची संस्था म्हणून भरू नका, हवा तो ट्रेड तिथे आहे का ते आधी बघा. पुढे अप्रेंटिसशिप जरूर करा. एसटीच्या आगारांतही मोटर मेकॅनिकच्या जागा निघतात, विद्यावेतन मिळतं.

चाळकरी
शिकलीस की आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला पण शिकव. दरवेळी "कार्बोरेटर साफ करावा लागेल" म्हणतो. गाडी इंजेक्शनची आहे, तिला कार्बोरेटरच नाही.

दहा_बाराचा_पाना
मी एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून जरा लांबण लावते. आत शिरणं तितकं अवघड नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये मुली हल्ली घेतात. खरी मेख पुढे आहे. टेक्निशियन म्हणून घेतात आणि महिन्याभरात "तू कस्टमरशी छान बोलतेस" म्हणत सर्व्हिस ॲडव्हायझरच्या टेबलावर बसवतात. एसी, खुर्ची, कपड्यांना ग्रीस नाही. माझ्या बरोबरीच्या दोघी अशाच गेल्या. त्यांना ते आवडलं असेल तर उत्तम, पण हात एकदा सुटला की फ्लोअरवर परत कोणी घेत नाही. म्हणून मुलाखतीतच विचार: कुठल्या सीनियरच्या हाताखाली देणार, जॉब कार्डवर (गाडीच्या कामाच्या कागदावर) माझं नाव कधीपासून येणार? उत्तर देताना समोरचा गुळमुळीत बोलला तर समज.

ताकदीबद्दल सगळे विचारतात. चाकाचे नट गाडी जॅकवर चढवायच्या आधी, चाक जमिनीला टेकलेलं असतानाच सैल करायचे, लांब दांड्याच्या पान्याने. घट्ट करताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना. गिअरबॉक्स तसाही कोणी एकट्याने हातावर उतरवत नाही, त्याला वेगळा जॅक असतो. बाप्ये पान्यावर पाय देऊन उभे राहतात आणि बोल्टचे आटे घालवतात, ते आपण निस्तरायचं.

गॅरेजवाले_काका
माझं मत वेगळं. सर्टिफिकेट घेऊन पोरं येतात, क्लच प्लेट हातात दिली तर उलटीसुलटी फिरवत बसतात. पोरी, नोकरी सोडू नकोस. आधी काही रविवार एखाद्या उस्तादाकडे जा. तो आधी पार्ट धुवायला लावेल, पाने हातात द्यायला सांगेल. कंटाळा आला नाही, तर मग आयटीआयचा अर्ज भर. हत्यारं नागदेवी स्ट्रीटवरून घे. एकदम मोठी पेटी नको, रिंग पाने आणि एक बरा गोटी (सॉकेट) सेट पुरे.

भांडुपची_भिंगरी
काका, एक विचारू? रस्त्यावरच्या गॅरेजात बाथरूमचं काय?

दहा_बाराचा_पाना
काका उत्तर देणार नाहीत, मी देते. बहुतेक ठिकाणी नसतंच. बघायला जाशील तेव्हा पगाराआधी हेच विचार, आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का तेही. त्रास झाला तर, १० पेक्षा कमी माणसं असलेल्या जागीही लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मोठ्या वर्कशॉपमध्ये रात्री उशिरा थांबवायचं तर तुझी संमती लागते.

गॅरेजवाले_काका
उत्तर देणार नाही कसा? आमच्याकडे मागच्या सोसायटीतलं वापरतात. पण मुद्दा बरोबर आहे.

स्कॅनरवाला
एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष) आहेत. निम्मं काम आता स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र), सेन्सर आणि वायरिंगचं. लॅमिंग्टन रोडवरून चांगला मल्टिमीटर घ्या आणि तो वाचायला शिका, त्यात भल्याभल्या उस्तादांचं अडतं. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजची, केबल दिसली की मात्र हात मागे. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे आणि रीतसर ट्रेनिंग असल्याशिवाय तिथे शिकायला जायचं नाही, कोणी कितीही "काही होत नाही" म्हणो.

भांडुपची_भिंगरी
सगळ्यांचे आभार. येत्या रविवारी स्टेशनजवळच्या एका गॅरेजात विचारून येते. केस लांब आहेत, कापावे लागतील का?

दहा_बाराचा_पाना
कशाला? घट्ट अंबाडा आणि वर टोपी. ओढणी, बांगड्या घरी ठेव. अंगठी तर नक्कीच काढ. बॅटरीचा प्लस सोडवताना पाना आणि अंगठी बॉडीला टेकली तर क्षणात लालभडक तापते, मग बोटातून निघत नाही. आणि मायनस आधी काढायचा, हे काकांनी सांगायची वाट बघू नकोस.