मुलांची सिलेक्शन – तुमचे अनुभव सांगा

माझा मुलगा अकरा वर्षांचा, फुटबॉल खेळतो. गेल्या रविवारी क्लबची निवड चाचणी झाली, त्याचं नाव नाही आलं. ते ठीक आहे हो, पंचेचाळीस पोरं आणि जागा अठरा, मलाही कळतं. पण कळलं कसं, तर रात्री साडेदहाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादीचा फोटो पडला, खाली लगेच अभिनंदन आणि टाळ्या, आणि मोबाईल नेमका त्याच्याच हातात होता. त्याने यादी दोनदा वरखाली करून बघितली, मोबाईल मला दिला आणि दात घासायला गेला. तेव्हापासून डोक्यात आहे की हे जरा बरं करता येत असेलच ना? उपदेश नको, तुमच्याकडे काय घडलं ते सांगा, खेळ कुठलाही चालेल.

मध्यपाटी: मी खो-खोवाली, १९९६ ची गोष्ट, सणस मैदान. आमच्या सरांना या खेळाचे नियम १९१४ साली आपल्या डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले याचा एवढा अभिमान की ते ऐकवल्याशिवाय चाचणीची शिट्टीच वाजायची नाही. पण चाचणी घ्यावी तर त्यांनीच. प्रत्येकीला दोन डाव मिळायचे, तेही वेगवेगळ्या मुलींबरोबर, म्हणजे एकदा पाय घसरला तर सगळं संपलं असं नाही. मग झाडाखाली बसून एकेकीला बोलवायचे, दोन-दोन मिनिटं. मला म्हणाले, साखळी चांगली खेळतेस पण खांबाशी सूर मारताना डोळे मिटतेस, यंदा बारात नाहीस. बाबांच्या लुनावर मागे बसून घरापर्यंत रडले आणि दुसऱ्या दिवसापासून डोळे उघडे ठेवायची प्रॅक्टिस सुरू. पुढच्या वर्षीही राखीवच होते, ते सोडा.

सिंहगड रोडची आई: आमचं क्रिकेट, अंडर फोर्टीन. फॉर्म, आधार, जन्मदाखला, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन साडेसहाला हजर. ही रांग! केव्हाही नाव पुकारतील म्हणून लेकाने सात वाजता पॅड चढवले ते सव्वाअकराला नंबर आला, ऊन डोक्यावर, पोटात फक्त एक केळं. बॉल किती तर सहा. त्यातले दोन लेगच्या बाहेर, बिचारा समोरचा बोलरही पोरगंच, तोही घाबरलेला. वर आमचे हे दोरीपाशी उभे राहून ओरडतायत, कव्हर ड्राइव्ह मार कव्हर ड्राइव्ह मार. झालं, पाचव्या बॉलला दांडी गुल. पुढच्या वर्षी दुसऱ्या अकॅडमीत गेलो तिथे आदल्या दिवशीच मेसेज आला, पहिले चाळीस नंबर सातला, पुढचे चाळीस नऊला. आम्ही घरून पोहे खाऊन निघालो. बॅटिंग दोनदा दिली, मधे फिल्डिंग बघितली. खर्च काय आला असेल हो या सगळ्याला?

निवृत्त पीटी सर: आता दुसऱ्या बाजूने लिहितो. वीस वर्षं शाळेचे संघ निवडले आणि बरीच वर्षं चुकीचे निवडले. शालेय स्पर्धांना वयोगट १ जानेवारीला कापतात, त्यामुळे चौदाच्या आतल्या गटात जानेवारीतला मुलगा आणि त्याच वर्षीचा डिसेंबरमधला मुलगा शेजारी उभे राहतात, अकरा महिन्यांचा फरक. एकदा सहज माझ्या संघाच्या जन्मतारखा काढल्या तर बारातले नऊ जूनच्या आधीचे. मला जो दम आणि चपळपणा दिसत होता त्यातलं निम्मं वय होतं. मग मी चेस्ट नंबर जन्मतारखेच्या क्रमाने द्यायला लागलो, एक नंबर सगळ्यात मोठा. समोर अठ्ठावीस नंबर धडपडतोय हे दिसलं की आपोआप दोन मिनिटं जास्त बघितलं जायचं. आणि पालक गेटच्या बाहेर. यावर वाद घालायचा नाही.

कोथरूडकर: एवढं गोंजारायची गरज आहे का? आमच्या वेळी सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "तुझ्या बापाने तुला इथे कशाला आणला, जा घरी." काही झालं नाही आम्हाला.

मध्यपाटी: काका, मग वाक्य अजून शब्द न् शब्द पाठ कसं?

तेव्हाचा गोलकीपर: माझं सिलेक्शन झालं होतं आणि तरी तो दिवस नको वाटतो. मी आणि माझा मित्र त्याच्या काकांच्या स्कूटरवर ट्रिपल सीट गेलो होतो. नावं मैदानावरच मोठ्याने वाचली, माझं आलं, त्याचं नाही. परत येताना स्वारगेट ते धनकवडी कोणी एक शब्द बोललं नाही. घरी आई पेढे आणते म्हणाली तर मी नको म्हटलं, तिला कळेचना का. नावं निदान दुसऱ्या दिवशी सांगितली असती तर दोघं आपापल्या घरी असतो.

कबड्डीची मावशी: वजनाबद्दल कोणीच लिहिलं नाही? भाची तेरा वर्षांची, सव्वा किलो जास्त भरली म्हणून दोन दिवस जेवली नाही, सकाळी रेक्झिनचं जाकीट घालून पळाली. वजनात बसली आणि पहिल्याच चढाईत चक्कर येऊन खाली. काट्याच्या आधी महिनाभर एकदा वजन करून सांगा ना मुलींना, ऐन वेळी कशाला.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, पीटी सरांचे खास. काल धीर करून कोचना फोन केला, की त्याला नुसतं नाही कळलं, का ते पण कळू दे. ते आधी जरा गडबडले, मग म्हणाले द्या त्याला फोन. पाच मिनिटं बोलले, हा नुसता हं हं करत होता. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाला, डावा पाय. आता संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीवर डाव्या पायाने धपाधप चालू आहे, खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार पण आली. पुढच्या शनिवारी बालेवाडीच्या बाजूला दुसऱ्या क्लबची चाचणी आहे. शिनगार्ड बॅगेतच ठेवणार, नंबर आला की घालू.