पुरस्कार सोहळा अख्खा दाखवा, आणि टीव्ही बटण दाबल्याबरोबर लागू द्या

टाचणी (सुदामानगर, इंदूर)

माझी आई ७६ वर्षांची आहे. इंदूरच्या हौशी मराठी नाटकांचे कपडे तिने जवळजवळ चाळीस वर्षं शिवले. तिच्या हातची बाराबंदी प्रेक्षकांतून पाहिली तर बंद नीट बांधलेले दिसायचे. खरं तर ते नुसते टाचलेले असत आणि आत टिचबटणं. दोन प्रवेशांच्या मधे विंगेत अंधारात उभ्या असलेल्या नटाला बारा गाठी सोडायला वेळ कुठला? नाटकाच्या पत्रकात तिचं नाव कधी यायचं, कधी राहून जायचं.

त्यामुळे ऑस्करमधला वेशभूषेचा पुरस्कार आमच्या घरी सणासारखा असतो. १९८३ साली 'गांधी'साठी तो जॉन मोलो यांच्याबरोबर कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांचा मासिकातून कापलेला फोटो आईच्या शिलाई मशीनच्या खणात अजून आहे.

२०२५ मध्ये ३ मार्चला, सोमवारी पहाटे साडेपाचला सोहळा सुरू होणार होता. आम्ही दोघी पाच वाजता उठलो, चहा झाला, आई शाल गुंडाळून समोर बसली. नवा टीव्ही धनत्रयोदशीला घेतलेला. बटण दाबलं तर पडद्यावर आलं, 'अपडेट चालू आहे, टीव्ही बंद करू नका.' ते संपलं तर अ‍ॅपच्या अटी बदललेल्या, त्या मान्य करा. मान्य केल्या तर पुन्हा लॉगिन करा. खातं पुण्यातल्या भावाच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो गाढ झोपेत. तिसऱ्यांदा फोन केल्यावर त्याने उचलला. मग जाहिरात. चित्र दिसलं तोवर वेशभूषेचा पुरस्कार घेऊन पॉल टेझवेल मंचावरून उतरलेही होते. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष. त्या दिवशी पाच कलाकार एका ओळीत उभे राहून एकेका नामांकित वेशभूषाकाराच्या कामाबद्दल बोलले होते. असं दरवर्षी होत नाही. आईने ते नंतर फोनवर चष्मा वरखाली करत तुकड्यातुकड्यांत पाहिलं आणि विचारलं, "शिवणाऱ्यांची नावं घेतली का गं कोणी?"

मला मनापासून वाटतं की पुरस्कार सोहळा दाखवायचा तर थेट आणि अख्खा दाखवावा. २०२२ मध्ये ऑस्करवाल्यांनी संकलन, ध्वनी, रंगभूषा, संगीत धरून आठ पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच उरकले आणि मग कापून मधे चिकटवले. ओरड झाली, २०२३ ला सगळे २३ परत थेट आले. आपल्याकडच्या खासगी सोहळ्यांत तर बहुतेक वेळा निकाल आधी कळतो, कार्यक्रम काही आठवड्यांनी दिसतो, आणि तंत्रज्ञांचे पुरस्कार नाचांच्या मधल्या फटीत दोन सेकंदांचे होऊन जातात. आणि टीव्ही ही घरातली वस्तू आहे. तो आईला, माझ्या मदतीशिवाय, एका बटणावर लावता आला पाहिजे. ही मागणी जास्त आहे का?

विजयनगर

ताई, काकूंचं वाचून वाईट वाटलं, पण तुमच्या दोन्ही मुद्द्यांशी मी सहमत नाही.

साडेतीन तासांचा सोहळा घरातले सगळे बसून पाहतील ही अपेक्षा आता धरू नये. लघुपटांचे, ध्वनीचे पुरस्कार ज्यांच्यासाठी आहेत त्यांना मोलाचे आहेतच. पण ज्याने ते चित्रपट पाहिलेच नाहीत त्याला त्यातून काय मिळतं? उलट प्रत्येक पुरस्काराची चित्रफीत त्याच दिवशी मिळते. ज्याला वेशभूषा हवी त्याने वेशभूषा बघावी, दोनदा बघावी. काकूंनी तेच केलं. १९८३ मध्ये भानू अथैयांचं भाषण ऐकायचं तर इंदुरात कुठे ऐकलं असतं?

आणि जुनं सगळं छान होतं असंही नाही. ३१ मार्च २०१३ ला इंदूरमध्ये केबल डिजिटल झाली. त्याआधी आमच्या घरी निम्म्या चॅनेलवर मुंग्या असायच्या आणि केबलवाल्याला चार फोन केल्याशिवाय तो गच्चीवर चढत नसे. आता अपडेटला पंधरा मिनिटं लागतात. आदल्या रात्री टीव्ही लावून ठेवला असता तर हे झालंच नसतं.

शिवाय २०२९ पासून ऑस्कर यूट्यूबवरच येणार आहे, जगभर. मग पासवर्डची कटकटही संपेल.

जेलरोड

मी बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मला दोघांचंही अर्धं पटतं.

टाचणीताई, कंपनीला दोष देणं सोपं आहे, पण गिऱ्हाईक दुकानात येतं ते '३२ इंच स्मार्ट, दहा-बारा हजारात' म्हणूनच. त्या किमतीत १ जीबी मेमरी येते. पहिलं वर्ष बरं जातं, मग अ‍ॅप जड होत जातात, चौथ्या-पाचव्या वर्षी एखादं अ‍ॅप म्हणतं की या टीव्हीवर आता चालणार नाही. काच उत्तम, आवाज उत्तम, आणि माणूस नवा टीव्ही घ्यायला निघतो. मी त्यांना परत पाठवतो. मागे एक स्ट्रीमिंग स्टिक (अ‍ॅप चालवणारी छोटी कांडी) लावा, टीव्ही आणखी पाच वर्षं चालेल.

विजयनगर, 'आदल्या रात्री लावून ठेवा' हे तुमच्यासारख्याला ठीक आहे. माझ्याकडे रोज एक तरी आजोबा रिमोट रुमालात बांधून आणतात, बिघडला म्हणून. मी मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोट त्याच्यासमोर धरतो आणि बटण दाबतो. टोकाचा दिवा पडद्यावर जांभळट चमकला की रिमोट चांगला आहे. दहातले सात चांगले निघतात. आजोबांनी चुकून इनपुट, म्हणजे चित्र कुठून घ्यायचं ते, बदललेलं असतं, एवढंच. परतीच्या रिक्षाचे पैसे आणि 'मलाच काही समजत नाही' ही भावना, दोन्ही त्या एका बटणापायी. हा दोष आजोबांचा नाही, रिमोट घडवणाऱ्याचा आहे.

आता कपड्यांबद्दल, कारण काकूंचा विषय तोच. टीव्ही दुकानातून येतो तेव्हा पुष्कळदा दुकानातल्या झगमगाटासाठीच्या मोडमध्येच असतो. रंग भडक, उजेड पूर्ण. वर 'मोशन' किंवा 'स्मूथ' नावाचं काहीतरी चालू असतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. टीव्ही मधल्या जागा स्वतः बनवलेल्या फ्रेमने भरतो, म्हणून सिनेमा मालिकेसारखा सुळसुळीत दिसतो. जरीकाम पांढरं फटक होतं, रेशीम प्लास्टिकसारखं दिसतं, काळ्या कापडाच्या चुण्या दिसतच नाहीत. चित्रपटवाल्यांनीच आग्रह धरल्यावर २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' आला. तो असेल तर लावा. नसेल तर 'सिनेमा' लावा आणि स्मूथ बंद करा. वेशभूषा तेव्हाच खरी दिसेल.

रामबाग

विजयनगर, 'ज्याला हवं त्याने बघावं' यावर मला बोलायचंय. आपल्याच गावची गोष्ट आहे. २८ सप्टेंबर १९२९ ला लता मंगेशकरांचा जन्म या इंदुरात झाला. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले ते फक्त पाच. पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. पुढे एका वर्षी त्यांच्या गाण्याच्या संगीतकारांना पुरस्कार मिळाला आणि त्यांना मंचावर गायला बोलावलं, तेव्हा लताबाईंनी नकार दिला, कारण गायकाला तिथे स्थानच नव्हतं. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. तेव्हाही कोणी म्हणालं असेल की गाणारा कोण याच्याशी प्रेक्षकाला काय करायचंय. कोणता पुरस्कार दाखवायचा आणि कोणता गाळायचा, यावरूनच लोकांना कळतं की कोणतं काम काम समजायचं.

विजयनगर

रामबाग, उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूनेही आहे. त्यांनी पुरस्कार असावा म्हणून भांडण केलं, प्रक्षेपणासाठी नाही. आणि पुढे १९७० नंतर नव्या गायिकांना मिळावा म्हणून त्याच पुरस्कारावरचा हक्क सोडला. पुरस्कार असणं आणि तो लाखो लोकांना मिनिट न मिनिट दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

जेलरोडकाका, रिमोटचं पटलं. माझे आजोबाही तेच करतात आणि मी त्यांच्यावर चिडतो. ते मी बंद करीन.

हजिरा_ग्वाल्हेर

मला हा सगळा वादच दूरचा वाटतो. आमच्याकडे डिसेंबरात तानसेन समारोहाला थंडीत शाल पांघरून समाधीशेजारी बसतो. तानसेन अलंकरण हा सन्मान कोणाला हे समोर दिसतं आणि लगेच त्या माणसाचं गाणं ऐकायला मिळतं. सन्मानानंतर सन्मानाचं कारण समोर यावं. टीव्हीवरच्या सोहळ्यात ते कधीच येत नाही, म्हणून मी बघत नाही.

टाचणी

हजिरा, तुमचं खरं आहे, पण आईचे गुडघे आता तिला मांडीच घालू देत नाहीत. तिच्यासाठी टीव्ही हेच सभागृह आहे.

विजयनगर, चित्रफीत बहुतेक वेळा नाव पुकारल्यापासून सुरू होते. आईला त्याआधीचं हवं असतं. पाच जण खुर्चीत बसलेले, एकाचा हात बायकोच्या हातात, नाव दुसऱ्याचं आलं की बाकी चौघं उठून टाळ्या वाजवतात. ती त्या चौघांकडे बघते. निकाल कळल्यावर त्यांच्याकडे कोण बघतं?

आणि यूट्यूबवर आलं की कटकट संपेल, असं मला वाटत नाही. २०२५ मध्येच अमेरिकेतल्या एका स्ट्रीमिंग सेवेवर प्रक्षेपण शेवटचे दोन पुरस्कार राहिले असतानाच बंद पडलं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट! एवढा पैसा असलेल्यांचं हे होतं, तर सुदामानगरातल्या म्हातारीने आदल्या रात्री काय काय तपासून ठेवायचं?

अख्खा सोहळा दाखवता येतो, हे मी २०२५च्या सप्टेंबरमध्ये पाहिलंय. २३ तारखेला ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचं वितरण होतं. मी कामावर होते. आईने आतल्या खोलीतला जुना टीव्ही लावला, ज्याला साधा सेट-टॉप बॉक्स आहे, आणि स्वतः दूरदर्शन लावलं. ना पासवर्ड, ना अपडेट. संध्याकाळी घरी आले तर तिने मला सगळं सांगितलं. 'नाळ २'मधली छोटी त्रिशा ठोसर साडी नेसून आली होती, पदर कसा खांद्यावर लावला होता ते तिने ओढणी घेऊन करून दाखवलं. वेशभूषेचा पुरस्कार 'सॅम बहादुर'साठी सचिन लोवलेकर आणि दिव्या व निधी गंभीर यांना. ती नावं तिने दळणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती, आणि लोवलेकर कुठले असतील गं, असं मला दोनदा विचारलं.

जेलरोड

ताई, २०२६चं ऑस्कर १५ मार्चचं, म्हणजे आपल्याकडे सोमवारी १६ ला. अमेरिकेत तोवर घड्याळं पुढे गेलेली असतील, तेव्हा साडेपाचला नाही, पहाटे साडेचारला लावा. नव्या टीव्हीवर शनिवारीच अपडेट उरका, लॉगिन तुमच्या नंबरवर करून घ्या. आणि सोहळा वाहिनीवरही असेल तर जुन्या बॉक्सवर तो चॅनेल आत्ताच घेऊन ठेवा. बॉक्स डिशचा असेल तर पावसाचा त्रास होतो, पण मार्चात इंदुरात पाऊस क्वचितच. स्मूथ बंद करायला तुम्हाला जमलं नाही तर रविवारी दुकान बंद असतं, मी येऊन करून देईन.

टाचणी

या काका. आई म्हणतेय पोहे खाऊनच जायचं. बाराबंदी पेटीतून काढून ठेवते म्हणाली, टीव्हीवर रंग बरोबर आलाय का ते शेजारी धरून बघायला.