मदत हवी आहे : १९८२चं गिरणगाव, टोळीतला पोरगा आणि काळप्रवासाचा नियम

विज्ञानकथा लिहितोय, मध्यावर अडकलोय. जागा लालबाग, काळ जानेवारी १९८२. १८ तारखेला गिरणी संप सुरू होणार. टोळीसाठी वसुली करणारा सतरा वर्षांचा पोरगा भविष्यातून आलेल्या दोन गटांच्या कात्रीत सापडतो. एकाला संप मिटवायचाय, दुसऱ्याला गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या हव्यात. तोच का? त्याचं नाव ना मस्टरवर, ना रेशनकार्डावर. त्याच्या हालचालींची नोंदच उरत नाही. मोबदला सोन्यात, कारण १९९६च्या मालिकेतली गांधीजींची नोट खानावळीत काढली की बिंग फुटलंच.

इतिहास बदलायचा नाही, ही अट पक्की. संपात इतकी घरं होरपळली, ते कथेत पुसून टाकणं मला अन्यायाचं वाटतं. समांतर काळरेषा करून पाहिल्या. इथे मेलेला तिथे जिवंत, मग मरणाला वजनच राहत नाही. शेवटी स्मृती पुसणं ही तर पळवाट. नोविकोव्हचा स्वयंसुसंगतीचा नियम (भूतकाळात जाऊन काहीही केलं तरी जे घडलं तेच घडतं) घेतला तर सगळं नीट बसतं, पण पोराच्या निर्णयातली धगच जाते. यंत्राची रचना सुचवू नका, ती ठरलेली आहे.

संपाचा निकाल तसाच ठेवून, कुठल्याही नोंदीत नसलेलं असं काय त्याच्या हाती द्यावं, की त्याने कोणाची बाजू घेतली याने खरोखर फरक पडेल?